बसमधली ओळख

शिवम्मानं मीनाबाईला पहिल्यांदा पाहिलं ते भांडताना.

२००६ चा उन्हाळा होता. कोल्हापुरात कळंब्याहून स्टँडकडं जाणारी सकाळची केएमटी बस गच्च भरलेली. मधल्या वाटेत शिवम्मा कडक भाकरीचे तीन गठ्ठे पोटाशी धरून उभी होती, चौथा खाली एका माणसाच्या पायाशी होता. ज्वारीच्या पापडासारख्या पातळ भाकरी ती घरी करायची, वाळवायची आणि लक्ष्मीपुरीतल्या दोन दुकानांत नेऊन द्यायची. त्या माणसाला पाय लांब करायचे होते. त्यानं बूट सरळ गठ्ठ्यावर टेकवला. आतलं काहीतरी मोडल्याचं शिवम्माला ऐकू आलं, तरी ती गप्प राहिली. परक्या पुरुषाशी चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. बोलली ती कंडक्टर.

"पावणं, पाय उचला. खाली भाकरी हाय."

"मग ती वर धरायला सांगा की त्यास्नी."

"धरायला हात न्हाईत तिला. तुमी उठा, तुमच्या शीटवर ठेवतो."

आवाज असा की पुढच्या दारातली माणसंही मागं वळून बघायला लागली. त्या माणसानं पाय उचलला. कंडक्टरनं गठ्ठा काखेला मारला, आपल्या सीटशेजारी नेऊन ठेवला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढची तिकिटं फाडायला लागली. बारीक अंगकाठी, कपाळ मोकळं, खाकी कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. शिवम्माच्या मनात आलं, बाईच्या जातीला एवढा आवाज चांगला नाही. आणि त्याच क्षणी हेही आलं की आपल्याला असता तर बरं झालं असतं.

लक्ष्मीपुरीला उतरताना शिवम्मा सवयीनं गठ्ठे मोजायला लागली. तोंडातल्या तोंडात, कन्नडमध्ये. "ओंदु, एरडु, मूरु..."

"नाल्कनेदु इल्ली ऐति, अक्का," मागून आवाज आला. चौथा इथं आहे, अक्का. कंडक्टर गठ्ठा पुढं करून उभी होती.

शिवम्मा पायरीवरच थांबली. मागच्या माणसांनी आरडाओरडा केला तेव्हा भानावर आली.

शिवम्माचं माहेर कुरुंदवाडचं. घरात कन्नड, बाहेर मराठी. एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन कोल्हापुरात आली ती नवऱ्याच्या, चन्नाप्पांच्या घरात, आणि तिथं मराठीशिवाय काही चालत नव्हतं. पोरांच्या डोक्यात दोन भाषांचा गोंधळ नको, असं सासू म्हणायची. शिवम्मानं ते मानलं. मग कन्नड उरलं ते मोजायला, देवापुढं पुटपुटायला आणि एकटीनं चिडायला. बोलायला कुणी नव्हतंच. आणि आता अचानक खाकी कोटातली एक बाई तिच्याशी कन्नड बोलत होती, तेही गावाकडच्या हेलात.

मीनाबाईचं आजोळ चिकोडीकडचं. आई लवकर गेली म्हणून आजीनं सांभाळलं, ती तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. मीनाबाई दहा वर्षांची होईतो आजीचं कन्नड बोलली, मग बापानं तिला कोल्हापूरला कसबा बावड्यात आणली. नवरा केएमटीतच ड्रायव्हर होता. तो अल्पवयात गेला, तेव्हा पदरात तीन वर्षांची सोनम. नवऱ्याच्या जागेवर तिला कंडक्टरची नोकरी लागली. पहिल्या दिवशी ड्रायव्हरनं घंटीची दोरी हातात देऊन विचारलं होतं, "झेपंल का बाई?" तिनं दोरी दोनदा ओढली आणि गाडी सोडायला लावली. हे सगळं शिवम्माला हप्त्याहप्त्यानं कळत गेलं, कारण त्या दिवसापासून कळंब्याच्या बसमध्ये कंडक्टरच्या पुढची सीट शिवम्माची झाली. कुणी बसायला लागलं की मीनाबाई म्हणायची, "थितं माणूस हाय." पुढच्या स्टॉपवर शिवम्मा गठ्ठे घेऊन चढायची.

पंधरा वर्षं हे चाललं. आठवड्यातून चार दिवस, येता-जाता मिळून तासभर. पोरांच्या परीक्षा, सांधेदुखी, चटणीत लसूण किती, युनियनची भांडणं, आजीची वखार, कुरुंदवाडचा घाट. सगळं कन्नडमध्ये, भर बसमध्ये, आणि कुणाला काही कळत नव्हतं. चन्नाप्पा गेले, त्यानंतर महिनाभरानं शिवम्मा पहिल्यांदा बसमध्ये चढली. मीनाबाईनं खिडकीची काच सरकवून दिली आणि लक्ष्मीपुरीपर्यंत दर स्टॉपला एकदा तिच्या खांद्यावर हात ठेवून पुढं जात राहिली.

घरी कुणी विचारलं, की ही मीनाबाई कोण, तर शिवम्मा म्हणायची, "बसमधली ओळख हाय."

तिला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मैत्रीण म्हणजे गल्लीतली, भिशीतली, मठात भेटणारी. मीनाबाई कधी शिवम्माच्या बाहेरच्या सोप्यापलीकडं आली नव्हती. दोनदा काही द्यायला आली होती, तेव्हा सोप्यातच पाणी पिऊन गेली. आत ये असं शिवम्माच्या तोंडून आलं नाही, आणि मीनाबाईनंही चप्पल काढली नाही. २०१७ साली सोनमचं लग्न झालं. मीनाबाईनं पत्रिका बसमध्ये हातात दिली. म्हणाली, "अक्का, सगळ्यात आधी तुला." तेव्हाच पहिल्यांदा ती 'तुम्ही' सोडून 'तू' म्हणाली होती. शिवम्मानं जरीकाठाचं पातळ घेतलं, चांगलं निवडून घेतलं, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी बसमध्येच देऊन टाकलं. गुडघा सुजलाय, म्हणाली. गुडघा खरंच सुजला होता. पण त्याच गुडघ्यावर ती त्या रविवारी दुसऱ्या एका बारशाला जाऊन आली.

२०२१ ला मीनाबाई निवृत्त झाली. शिवम्माचेही पाय थकले. भाकरी आता सून सुष्मिता करायची आणि मुलगा वीरेश उद्यमनगरात त्याच्या वर्कशॉपला जाताना दुकानात टाकून जायचा. फोन व्हायचे, मग महिन्याला एक, मग सणासुदीला. बस नव्हती, तर ओळख कुठं ठेवायची हे शिवम्माला कळलं नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, सकाळी नऊच्या सुमाराला, शिवम्मा ओट्याशी उभी राहून पीठ मळत होती. सुष्मिताला पाणी आण म्हणायचं होतं. तोंडातून भलताच आवाज आला. तिनं परत म्हटलं, परत तेच. उजवा हात परातीत होता तो उचलेना. सुष्मितानं तिच्या तोंडाकडं एकदाच बघितलं, गॅस बंद केला, वीरेशला फोन लावला आणि शेजारच्यांची गाडी काढायला लावली. अर्ध्या तासात शिवम्मा दवाखान्यात होती. सुष्मिता मुरगूडची, शांत पोरगी. डॉक्टर तिला म्हणाले, तुमच्या घाईमुळं जीव वाचला.

जीव वाचला, पाय वाचला, हात निम्मा वाचला. मराठी गेली.

हे असं असतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. शिवम्माला समोरच्याचं बोलणं बरंचसं कळायचं. पण उत्तर द्यायला जावं तर शब्द डोक्यात दिसायचा आणि तोंडाशी येईतो तिथं काहीच नसायचं. त्या रिकाम्या जागेत दुसरं काहीतरी आपोआप यायचं, ते ती बोलायची. आपण कन्नड बोलतोय हे तिला स्वतःला उमगत नव्हतं. तिच्या लेखी ती नीट बोलत होती आणि घरचे मुद्दाम ऐकत नव्हते. त्यात जीभ जड, अक्षरं घसरलेली. वीरेशला कन्नडचे चार शब्द यायचे, पण अशा उच्चारात तेही ओळखू आले नसते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सुरुवातीला असंबद्ध बोलतील. तसंच चाललंय असं सगळ्यांनी धरलं.

घरी आणल्यावर शिवम्मा दिवसभर एकच गोष्ट सांगायची. सुष्मिता जवळ येऊन केसांवरून हात फिरवायची. वीरेश म्हणायचा, "व्हय आई, व्हय." आणि पांघरूण नीट करून जायचा. नवव्या दिवशी शिवम्मा रडायला लागली, तेव्हा थंडी वाजत असेल म्हणून सुष्मितानं दुसरी वाकळ आणून घातली.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं मीनाबाईला सांगितलं, की दोन आठवडे झाले भाकरी आली नाही. मीनाबाईनं शिवम्माच्या नंबरावर फोन लावला. सुष्मितानं उचलला. त्याच दुपारी मीनाबाई दोन बस बदलून दारात उभी राहिली.

"या की मावशी, आत या," सुष्मिता म्हणाली. तिला सोप्याबिप्याचं काही माहीत नव्हतं. मीनाबाईनं चप्पल काढली आणि ती थेट पलंगाशी आली.

शिवम्मानं तिला बघितलं आणि तेच म्हटलं, जे ती नऊ दिवस म्हणत होती.

"कायतरी बडबडत्यात हो सारखं," सुष्मिता कळवळून म्हणाली. "समजतच न्हाई काय."

मीनाबाईनं हात वर करून तिला थांबवलं. कान शिवम्माच्या तोंडाशी नेला. "परत सांग अक्का. मगाचं न्हाई कळलं, परत सांग."

"कौदी तेगी," शिवम्मा म्हणाली.

मीनाबाई सरळ झाली. "बडबड न्हाई ही. वाकळ काढ म्हणालीया. उकडालंय तिला."

सुष्मिता जागेवरच उभी राहिली. मग तिनं घाईघाईनं दोन्ही वाकळी ओढून काढल्या. खाली शिवम्माचं लुगडं घामानं चिंब झालं होतं. सुष्मिता पलंगाच्या कडेला बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. "नऊ दिस," ती म्हणाली, "नऊ दिस मी उलटंच करालतो."

"तुला काय म्हाईत असणार?" मीनाबाई म्हणाली. "पंखा लाव आधी."

वीरेश संध्याकाळी घरी आला, तेव्हा त्याची आई उशीला टेकून बसली होती आणि एक अनोळखी बाई तिला ताकभात भरवत होती. दोघी बोलत होत्या. एवढ्या दिवसांत त्यानं आईला कुणाशी बोलताना पाहिलं नव्हतं. तो दारातच थांबला. मीनाबाई त्याला म्हणाली, "तुझ्या आईची वाचा गेली न्हाई रं. रस्ता बदललाय नुसता."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज यायला लागली. अकराला यायची, तीनला जायची. पहिल्या आठवड्यात तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागं सुष्मिताकडून शब्द लिहून घेतले. नीरु म्हणजे पाणी, साकु म्हणजे पुरे, बेडा म्हणजे नको, नोवु म्हणजे दुखतंय. तो कागद पलंगाच्या डोक्याशी चिकटवला. सुष्मिता भाकरी थापता थापता पाठ करायची. घरात हळूहळू शांतता आली, कारण शिवम्माला आता ओरडावं लागत नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी सगळे खूश होते. मीनाबाई थांबायला तयार नव्हती.

"मराठी परत आणायची," ती म्हणाली. "नातवंडं मराठी बोलत्यात, गल्ली मराठी बोलती. माझ्याशी बोलून कसं भागंल? मी काय जन्माला पुरणार हाय का?"

आठवड्यातून दोनदा एक स्पीच थेरपिस्ट यायची. तरुण, गोड मुलगी. चित्रांची कार्डं दाखवायची. उंट, विमान, छत्री. शिवम्मा उंटाकडं बघून कंटाळायची. मीनाबाईनं तिच्याकडून पद्धत समजून घेतली, आणि ती गेल्यावर कार्डं बाजूला ठेवून स्वयंपाकघर उघडलं. वांगं हातात द्यायची, कोथिंबीर नाकाशी धरायची, मीठ जिभेवर. शिवम्मा ओठ हलवायची, कपाळावर घाम यायचा, आणि तोंडातून कन्नड शब्द. उप्पु. परत. उप्पु. तीन आठवडे हेच. एक दिवस मीनाबाईनं मिरची पुढं केली, तेव्हा शिवम्मानं डाव्या हातानं ताटलीच उडवून दिली आणि भिंतीकडं तोंड केलं.

तिला लाज वाटत होती. पासष्ट वर्षांची बाई, जिच्या हातच्या भाकरीसाठी दुकानदार वाट बघायचे, तिला मिरचीला मिरची म्हणता येत नव्हतं. आणि शिकवायला कोण, तर जिला आपण घरात कधी घेतलं नाही ती. हे तिच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं, आणि रोज थोडं वाढत होतं.

मीनाबाईनं मिरच्या गोळा केल्या. त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस तिनं काहीही विचारलं नाही. यायची, पलंगाशेजारी बसून पावटा सोलायची, शिवम्माच्या उजव्या हाताला तेल लावायची, आणि जायची. शिवम्मा भिंतीकडंच बघत असायची. पाचव्या दिवशी निघताना मीनाबाई साडी सारखी करत स्वतःशीच पुटपुटली. काम सोडून तीन वर्षं झाली, तरी ती बाहेर पडायची वेळ झाली की स्टॉप तोंडात यायचेच.

"कळंबा... आयटीआय... संभाजीनगर..."

"नंगीवली चौक," भिंतीकडून आवाज आला.

मीनाबाईचा हात निऱ्यांवर थांबला. तिनं मागं न बघताच सावकाश म्हटलं, "संभाजीनगर. नंगीवली चौक."

"मिरजकर तिकटी," शिवम्मा म्हणाली. "बिंदू चौक."

अक्षरं जड होती, पण शब्द पुरे होते. शिवम्मानं मान वळवली. आपण काय बोललो हे तिलाही कळलं होतं. सुष्मिता स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आली. मीनाबाईनं तिला खुणेनं गप्प बसवलं आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दुपारी ती तीनऐवजी पाचला गेली.

थेरपिस्टला सांगितलं तेव्हा तिला फार आनंद झाला. जे हजारदा एका ओळीनं कानावर पडलेलं असतं ते कधीकधी असं अख्खं बाहेर येतं, म्हणाली. हाच धागा धरा. मीनाबाईनं धरला. वार, महिने, देवीची आरती, भाकरीची कृती, जे जे ओळीनं यायचं ते सगळं. मग ओळ मध्येच तोडायची आणि शिवम्माला एकच शब्द उचलायला लावायची. दीड महिन्यात पंचवीस-तीस शब्द सुटे झाले. पण हे म्हणणं होतं, बोलणं नव्हतं. कुणी काही विचारलं की शिवम्मा अजून गडबडायची.

मे महिन्यात एका सकाळी मीनाबाई वीरेशला म्हणाली, "हिला बसमधनं फिरवून आणतो."

"मावशी, गर्दीत... मी गाडीनं सोडतो की."

"गाडीत कोण बोलणार हाय तिच्याशी?"

वीरेश आढेवेढे घेत स्टॉपपर्यंत आला. आईला पायरीवर चढवून खाली उभा राहिला. दोघी कंडक्टरच्या पुढच्या सीटवर बसल्या. कंडक्टर मीनाबाईच्या हाताखाली शिकलेला होता, त्यानं नमस्कार केला. बस सुटली. शिवम्मा खिडकीतून बघत एकेक स्टॉप म्हणत होती, हळू आवाजात. संभाजीनगरला एक शाळकरी मुलगी आईबरोबर चढली आणि तिच्यापुढं दांडा धरून उभी राहिली. थोड्या वेळानं त्या मुलीच्या आईनं वाकून विचारलं, "मावशी, बिंदू चौक गेला काय हो?"

मीनाबाईला उत्तर देता आलं असतं. तिनं तोंड उघडलंच होतं, आणि मिटलं.

शिवम्माच्या डोक्यात शब्द दिसला. तो निसटेल म्हणून ती घाबरली, तरी त्याच्या मागं गेली.

"न्हाय," ती म्हणाली. "पुढं."

"पुढं हाय व्हय? बरं." बाई सरळ उभी राहिली. तिच्या दृष्टीनं काहीच झालं नव्हतं.

मीनाबाई खिडकीबाहेर बघत होती.  शिवम्मानं डाव्या हातानं तिचा हात धरला तेव्हा तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "तिकटी आली बघ."

बिंदू चौकात दोघी उतरल्या. परतीच्या बसला अवकाश होता, म्हणून सावलीला कट्ट्यावर बसल्या. शिवम्माला बोलायचं होतं. हे बोलणं कन्नडमध्ये होतं, आणि कन्नडमध्ये तिला अडचण नव्हती. अडचण होती ती सात वर्षांची होती.

"सोनमच्या लग्नाला मी आले नाही," ती कन्नडमध्ये म्हणाली. "गुडघा कारण नव्हतं."

"माहीत आहे," मीनाबाईही कन्नडमध्ये म्हणाली.

"जेवावं लागलं असतं. गल्लीत कळलं असतं. मला वाटलं, उगीच कशाला."

"तेही माहीत आहे."

शिवम्मा तिच्याकडं बघत राहिली. "मग तू काही बोलली नाहीस?"

"पंधरा दिवस बोलले नाही तुझ्याशी. तुझं लक्ष नव्हतं." मीनाबाई पदरानं वारा घेत होती. आवाजात राग नव्हता, पण तिनं ते हलकंही केलं नाही. "वाईट वाटलं होतं, अक्का. पोरीच्या लग्नात मी दाराकडं बघत होते. सोनम म्हणाली, सोडून दे. मी ठरवलंही होतं."

"मग?"

"मग काय. तू रोज बसमध्ये चढायचीस. आणि माझ्या आजीसारखं बोलणारं या गावात दुसरं कोण आहे मला? आजी गेल्यापासून तुझ्या तोंडूनच ते ऐकते. ते सोडून देणं मला जमलं नाही."

शिवम्माला हे कधी सुचलंच नव्हतं. आजवर तिला वाटत होतं, मीनाबाई देते आणि आपण घेतो. आपल्याकडून मीनाबाई काही घेत होती, तेही पंधरा वर्षं, तेही बसमध्ये बसल्याबसल्या, हे ऐकून तिला एकदम रडू आलं. रस्त्यावर माणसं बघत होती. मीनाबाईनं बघू दिलं.

"चुकलं माझं," शिवम्मा म्हणाली. हे ती मराठीत म्हणाली. दोन शब्द, आणि दोन्ही नीट आले.

मीनाबाई हसली. "ह्ये कुणी शिकवलं? ह्ये तर आपल्या यादीत नव्हतं."

पावसाळाभर शिवम्माची मराठी तुकड्यातुकड्यानं परत आली. सगळी आली नाही. दिवाळीला ती नातवंडांना नावानं हाक मारत होती, पण दमली की कन्नडवर घसरायची. आता घरात त्यानं कुणाचं अडत नव्हतं. सुष्मिताचं कन्नड इतकं सुधारलं होतं, की वीरेशबद्दलच्या तक्रारी दोघी त्याच्यासमोरच करायच्या. गल्लीतल्या एका बाईनं सुष्मिताच्या हळदीकुंकवाला विचारलं, "ती रोज येती ती कोण हो, कामाला ठेवलीय काय?" शिवम्माला उत्तर जुळवायला वेळ लागला. बायका थांबून राहिल्या.

"माझी... तंगी," ती म्हणाली. मग मराठी शब्द सापडला. "भण. धाकटी भण."

या जानेवारीत मीनाबाईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. सोनम पुण्याहून आली होती, पण तिची रजा दोनच दिवसांची. शेजारीण येऊन-जाऊन असेल, असं मीनाबाईनं फोनवर सांगितलं. शिवम्मानं ऐकून घेतलं आणि काठी शोधायला लागली.

"आई, संध्याकाळी मी नेतो," वीरेश म्हणाला.

"आत्ता," शिवम्मा म्हणाली.

ती एकटी गेली. स्टँडवर दुसरी बस धरताना तिनं तिघांना विचारलं, आणि तिसऱ्याला तिचं म्हणणं कळलं. कसबा बावड्यात मीनाबाईच्या घराची तिला फक्त गल्ली माहीत होती. घर एका भाजीवालीनं दाखवलं. दोन खोल्या, स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली खाकी कोटातल्या मीनाबाईचा फोटो. मीनाबाई काळा चष्मा लावून खुर्चीत बसली होती आणि रुमालानं डोळा चोळत होती.

"हात लावू नको," शिवम्मा दारातूनच म्हणाली.

मीनाबाई दचकली. "कोण, अक्का? कशी आलीस?"

शिवम्मानं हात धुतले, पिशवीतून आणलेला डबा ओट्यावर ठेवला, औषधाची बाटली उचलून डोळ्यांजवळ नेली आणि लेबल वाचायचा प्रयत्न केला. वाचायला अजून जमत नव्हतं. मग मीनाबाईनं सांगितलं, दिवसातून सहादा, एकेक थेंब. शिवम्मानं तिची मान मागं केली. डावा हात आता चांगला सरावला होता. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा नेमका डोळ्यात.

"थेंब," ती म्हणाली. हा शब्द नवीन होता.

दुपारी दोघी एका ताटात जेवल्या, कारण मीनाबाईला एका डोळ्यानं आमटी वाढून घेता येईना. भात मीनाबाईच्या घरचा, चटणी शिवम्माची. जेवण झाल्यावर शिवम्मानं फोन काढला. आजारपणानंतर तिनं स्वतः कुणाला फोन लावला नव्हता. समोर तोंड दिसत नसलं की तिचे शब्द हरवायचे. तिनं वीरेशच्या फोटोवर बोट दाबलं आणि कानाला लावला.

"आई? काय झालं? येऊ का न्यायला?"

"नको," शिवम्मा म्हणाली. थांबली. मीनाबाई काळ्या चष्म्यातून तिच्याकडं बघत होती, पण मदतीला आली नाही. "मी हितं हाय. चार... चार दिस. मीनाचा डोळा बरा हुईतो."

"आणि तुझ्या गोळ्या?"

शिवम्माला हसू आलं. एवढं लांब वाक्य बोलून झालं होतं, आणि हा गोळ्यांचं विचारत होता.

"आणल्यात," ती म्हणाली, फोन ठेवला आणि ताट विसळायला उठली.